लाईट आल्यावर लिनक्स सर्व्हर विंडोजच्या नेटवर्कवर हरवतो, तेव्हा कुठे बघायचं

विचारलेलं थोडक्यात असं आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याचं सॉफ्टवेअर उबुंटू २२.०४ च्या सर्व्हरवर चालतं. बाकी सगळं नेटवर्क विंडोजचं. जिनिंगमधला डोमेन कंट्रोलर, म्हणजे नेटवर्कवरची खाती आणि मशीन सांभाळणारा मुख्य सर्व्हर, विंडोज सर्व्हर २०१९ वर आहे, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) आणि डीएचसीपीही (मशीनना आयपी पत्ते वाटणारी सेवा) तोच देतो, आणि त्याचा कारभार छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य कार्यालयातून व्हीपीएनवरून चालतो. लाईट जाऊन आली की लिनक्स सर्व्हरवर इंटरनेट चालतं, ८.८.८.८ ला (गूगलच्या सार्वजनिक डीएनएसला) पिंग जातं, पण फाइल सर्व्हरचं नाव सापडत नाही आणि शेअर (त्याच्यावरचं सामायिक फोल्डर) माउंट होत नाही, म्हणजे जोडलं जात नाही. रीस्टार्ट केल्यावर कधी जमतं, कधी नाही. डीएचसीपीत रिझर्व्हेशन (ठरलेला पत्ता राखून ठेवणं) असूनही सर्व्हरचा आयपी अधूनमधून बदलतो. त्यात डोमेनला जोडायला गेलं की घड्याळात फरक असल्याचा एरर येतो. विंडोज सांभाळणाऱ्या साहेबांचं म्हणणं, बाकीचे सगळे पीसी व्यवस्थित चालतात, म्हणजे घोळ लिनक्सचाच.

पीसी चालतात हे खरं, पण त्यावरून लिनक्स बिघडला असं ठरत नाही. विंडोजचा पीसी डोमेनला जोडला की पुष्कळ कामं त्याच्या वतीने आपोआप होतात. तो डीएनएसमध्ये स्वतःचं नाव नोंदवतो, घड्याळ डोमेन कंट्रोलरशी जुळवतो, प्रॉक्सी आणि सर्टिफिकेटं ग्रुप पॉलिसीतून (डोमेनने सगळ्या पीसींना पाठवलेल्या सेटिंगमधून) उचलतो, आणि डीएनएस हुकला तर त्याच स्विचवरच्या मशीनना हाक मारून नाव शोधून काढतो. लिनक्सला यातलं काहीही कुणी सांगत नाही. जे विंडोजवर न सांगता घडतं, ते इथे कुणीतरी हाताने लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहायचं राहिलं की सर्व्हर अर्धवट जोडलेला राहतो. तुमच्याकडे अशा तीन गोष्टी राहून गेल्या आहेत असं वर्णनावरून दिसतं: डीएनएसची यादी, डीएचसीपीची ओळख आणि वेळ. तिन्ही एकाच वेळी त्रास देतात म्हणून रोज लक्षणं बदलतात आणि माणूस गोंधळतो.

पुढच्या वेळी असं झालं की आधी रीस्टार्ट करू नका. काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना हे सांगणं सोपं नाही, मला कल्पना आहे. पण रीस्टार्टने पुरावा पुसला जातो आणि पुढच्या लाईटीला तुम्ही परत तिथेच येता. पाच मिनिटं काढा, पुढे सांगतो त्या कमांडचं आउटपुट एका फाइलमध्ये घ्या, मग खुशाल रीस्टार्ट करा.

तारेपासून सुरुवात करू, पण तिथे फार रेंगाळायचं नाही. जिनिंगमध्ये रुईची धूळ स्विचच्या पंख्यात आणि पोर्टमध्ये बसते, त्यामुळे इथे तार तपासणं अगदीच फालतू नाही. 'आयपी हायफन एस लिंक' या कमांडमध्ये एररचा आकडा वाढताना दिसला, किंवा 'ईथटूल'मध्ये गिगाबिटच्या जागी १०० किंवा १० चा वेग दिसला, तर पोर्ट आणि तार बदला. तसं काही नसेल तर पुढे चला. 'आयपी ए'मध्ये सर्व्हरला स्वतःचा पत्ता आणि मास्क (नेटवर्क किती मोठं ते सांगणारा आकडा) बरोबर आहे का ते बघा. नेटवर्क मोठ्या मास्कचं असेल आणि लिनक्सवर /२४ लिहिलेलं असेल, तर अर्धे पीसी पोहोचतात आणि अर्धे पोहोचत नाहीत, आणि हा प्रकार डोकं फिरवतो. 'आयपी रूट'मध्ये डिफॉल्टची, म्हणजे बाहेर जायच्या वाटेची, ओळ एकच हवी. दोन नेटवर्क कार्डं असून दोन डिफॉल्ट दिसत असतील तर पाकीट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) एका वाटेने येतं आणि उत्तर दुसऱ्या वाटेने जाऊन हरवतं.

'आयपी नेबर' ही कमांड लोक वापरत नाहीत, पण माझ्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. डोमेन कंट्रोलरच्या पत्त्यासमोर मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिसत असेल तर स्विचपर्यंतचं सगळं ठीक आहे, पुढचा दोष वरच्या थरात शोधायचा. 'फेल्ड' किंवा 'इनकम्प्लीट' दिसत असेल तर डीएनएसकडे बघायचीही गरज नाही, दोष खाली आहे: तार, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्कं), स्विचची पोर्ट सिक्युरिटी किंवा डोमेन कंट्रोलर अजून उठलेलाच नाही.

पिंगवर मात्र निकाल देऊ नका. विंडोजच्या फायरवॉलमध्ये बाहेरून येणारा पिंग बऱ्याचदा बंदच असतो, विशेषतः पब्लिक प्रोफाइलवर (अनोळखी नेटवर्कसाठीच्या कडक नियमांवर). म्हणून पिंग गेला नाही याचा अर्थ मशीन पोहोचत नाही असा होत नाही, आणि पिंग गेला म्हणून शेअर उघडेलच असंही नाही. ज्या पोर्टवर (इथे तारेची जागा नव्हे, सेवेचा क्रमांक) काम करायचं आहे तोच पोर्ट तपासा. लिनक्सवर 'एनसी'ला झेड आणि व्ही हे पर्याय देऊन डोमेन कंट्रोलरचे ५३, ८८, ३८९ आणि ४४५ हे पोर्ट बघा. पहिला डीएनएसचा, दुसरा कर्बेरॉसचा (डोमेनमध्ये ओळख पटवण्याची पद्धत), तिसरा एलडॅपचा (डोमेनमधली माहिती विचारण्याची पद्धत), चौथा फाइल शेअरिंगचा. उलट बाजूने, म्हणजे विंडोजवरून लिनक्सकडे बघताना, पॉवरशेलमधलं 'टेस्ट-नेटकनेक्शन' पोर्ट नंबर देऊन चालवा.

इथे विंडोजच्या बाजूचा एक दोष सांगून ठेवतो, कारण तो लाईट गेल्यावरच दिसतो. साइटवर डोमेन कंट्रोलर एकटाच असेल तर बूट होताना त्याला स्वतःचंच डोमेन वेळेवर सापडत नाही. मग विंडोज त्या नेटवर्क कार्डाला डोमेन प्रोफाइलऐवजी पब्लिक प्रोफाइल लावून मोकळं होतं, आणि फायरवॉलचे जे नियम फक्त डोमेन प्रोफाइलसाठी लिहिलेले असतात ते बाद होतात. नेटवर्क लोकेशन अवेअरनेस ही सर्व्हिस रीस्टार्ट केली, किंवा नेटवर्क कार्ड बंद करून चालू केलं, की प्रोफाइल जागेवर येतं. मुख्य कार्यालयाला हे तपासायला सांगा, व्हीपीएनवरून त्यांना एका मिनिटात दिसेल.

आता मुख्य गोष्ट, डीएनएस. 'इंटरनेट चालतं, आतलं नाव सापडत नाही' एवढ्या एका वाक्यावरून मला जवळजवळ खात्री आहे की तुमच्या सर्व्हरवर पहिला डीएनएस डोमेन कंट्रोलरचा आणि दुसरा ८.८.८.८ असा लिहिलेला आहे. लोक हे 'बॅकअप' म्हणून लिहितात. घरातल्या लॅपटॉपवर ते चालतं. डोमेनच्या नेटवर्कवर ते विष आहे, हे मी अगदी स्पष्टपणे सांगतो.

काय घडतं ते नीट बघा. लाईट येते. लिनक्स सर्व्हर मिनिटभरात उठतो. डोमेन कंट्रोलर रेड कार्ड (डिस्क सांभाळणारं कार्ड) तपासत, सर्व्हिसेस उठवत सावकाश येतो. तेवढ्यात लिनक्सला कशाचं तरी नाव विचारायचं असतं. उबुंटूवर हे काम सिस्टमडी-रिझॉल्व्हड करतं. ते आधी डोमेन कंट्रोलरला विचारतं, उत्तर येत नाही, म्हणून यादीतल्या दुसऱ्याकडे, म्हणजे ८.८.८.८ कडे वळतं. तिथून लगेच उत्तर येतं, आणि मग रिझॉल्व्हड त्याच सर्व्हरला चिकटून राहतं. थोड्या वेळाने डोमेन कंट्रोलर पूर्ण उठतो, पण लिनक्स त्याच्याकडे परत वळत नाही, कारण दुसरा सर्व्हर बंद पडलेला नाही, व्यवस्थित उत्तरं देतोय. तुमच्या फाइल सर्व्हरचं नाव त्याला विचारलं की तो ठामपणे सांगतो, असं नाव अस्तित्वात नाही. मानवतमधल्या वाड्याचा पत्ता मुंबईच्या पोस्टात विचारल्यावर तिथला माणूस 'असा वाडाच नाही' म्हणेल, त्यातलाच हा प्रकार. डीएनएसमध्ये 'उत्तर आलं नाही' आणि 'नाव नाही' यांत फार फरक आहे. उत्तर आलं नाही तर मशीन पुन्हा विचारतं, दुसऱ्याला विचारतं. 'नाव नाही' असं उत्तर आलं तर ते मान्य करून तिथेच थांबतं.

तुमचा रीस्टार्ट कधी लागू पडतो आणि कधी नाही, याचं कारणही इथेच आहे. डोमेन कंट्रोलर उठल्यानंतर रीस्टार्ट केला तर यादी पहिल्यापासून सुरू होते आणि जमतं. आधीच केला तर परत तोच फेरा.

खात्री करायला तीन कमांड पुरतात. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' चालवा आणि 'करंट डीएनएस सर्व्हर' ही ओळ बघा. तिथे ८.८.८.८ दिसला तर शोध संपला. मग 'डिग'ला ॲट चिन्ह आणि डोमेन कंट्रोलरचा आयपी देऊन थेट त्यालाच फाइल सर्व्हरचं पूर्ण नाव विचारा. शेवटी 'गेटएंट होस्ट्स' या कमांडने तेच नाव विचारा. डिगला उत्तर मिळतं आणि गेटएंटला मिळत नाही, तर डोमेन कंट्रोलर निर्दोष आहे आणि दोष लिनक्सच्या नाव शोधण्याच्या मांडणीत आहे. डिगलाही मिळत नसेल तर तो स्क्रीनशॉट सरळ मुख्य कार्यालयाला पाठवा. हा फरक फार जणांना माहीत नसतो: डिग आणि एनएसलुकअप थेट डीएनएसशी बोलतात, पण पिंग, एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) आणि माउंट हे एनएसस्विच फाइलमध्ये लिहिलेल्या, नाव आधी कुठे शोधायचं त्या क्रमाने जातात. म्हणून 'एनएसलुकअपमध्ये तर दिसतंय' हे वाक्य ऐकून गप्प बसायचं नाही.

तुमच्या डोमेनच्या नावाच्या शेवटी डॉट लोकल असेल तर अजून एक गाठ आहे. जुन्या काळी विंडोजवाले सर्रास असं नाव ठेवत. पण २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या मानकाने डॉट लोकल हे मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलं. त्यामुळे काही लिनक्स मशीन असं नाव डीएनएसला विचारण्याऐवजी आजूबाजूला हाक मारून शोधतात. डिगला मिळतं आणि गेटएंटला मिळत नाही अशी स्थिती असेल तर एनएसस्विच फाइलच्या होस्ट्स या ओळीत एमडीएनएस (हेच मल्टिकास्ट डीएनएस) आधी आहे का ते बघा. सर्व्हरवर त्याची गरज नाही, काढून टाका.

उपाय सरळ आहे. लिनक्सच्या नेटप्लॅन फाइलमध्ये (उबुंटूची नेटवर्क सेटिंगची फाइल) डीएनएस म्हणून पहिला जिनिंगमधला डोमेन कंट्रोलर आणि दुसरा मुख्य कार्यालयातला डोमेन कंट्रोलर, एवढेच दोन लिहा. दोघांनाही आतली नावं माहीत असतात, त्यामुळे कुणाकडेही गेलं तरी चुकीचं उत्तर येणार नाही. व्हीपीएन बंद असेल तर दुसरा गप्प राहील, पण खोटं सांगणार नाही. बाहेरच्या नावांसाठी ८.८.८.८ किंवा इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा डीएनएस हा विंडोज डीएनएसच्या फॉरवर्डरमध्ये (माहीत नसलेली नावं पुढे कुणाला विचारायची त्या यादीत) लिहायचा, लिनक्सवर नाही. 'सर्च'मध्ये डोमेनचं नाव टाका, म्हणजे नुसतं छोटं नावही चालेल. आणि डीएचसीपीच्या स्कोपमध्ये (वाटायच्या पत्त्यांच्या पट्ट्यात) ००६ नंबरचा, म्हणजे डीएनएसचा, पर्याय उघडून तिथेही ८.८.८.८ लिहिलेला नाही ना ते बघायला सांगा. असेल तर विंडोजचे पीसीही यात कधी ना कधी सापडत असणार. फक्त एलएलएमएनआर आणि नेटबायोस या हाक मारून नाव शोधायच्या पद्धतींमुळे त्यांना त्याच स्विचवरची नावं तशीही सापडतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

बदल करताना 'नेटप्लॅन ट्राय' वापरा, 'अप्लाय' नको. ट्राय केल्यावर १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर ते आपोआप जुन्या मांडणीवर परत येतं. लांबून एसएसएचने काम करताना याच्यामुळे परभणीची चक्कर वाचते.

आता आयपी बदलण्याबद्दल. रिझर्व्हेशन मॅक ॲड्रेसवर केलं आहे, मॅक बरोबर आहे, तरी सर्व्हरला दुसराच पत्ता मिळतो. यात गूढ काही नाही. उबुंटू सर्व्हर नेटप्लॅनमधून सिस्टमडी-नेटवर्कडी वापरतो, आणि ते डीएचसीपीला स्वतःची ओळख मॅक ॲड्रेसने देत नाही. मशीन-आयडीवरून बनवलेला डीयूआयडी नावाचा एक लांब आकडा देतं. विंडोजचा डीएचसीपी रिझर्व्हेशन ताडून बघताना हीच ओळख बघतो. त्याच्या दृष्टीने रिझर्व्हेशनवाला गडी आलेलाच नाही, हा कुणी दुसरा आहे, म्हणून तो पूलमधला, म्हणजे वाटायच्या साठ्यातला, कुठलाही पत्ता देतो. डीएचसीपीच्या कन्सोलमध्ये लीजची यादी उघडून युनिक आयडीचा रकाना बघा. बाकी पीसींसमोर बारा अक्षरांचा मॅक दिसेल, तुमच्या सर्व्हरसमोर त्याहून लांब आकडा दिसेल. नेटप्लॅनमध्ये त्या कार्डाखाली 'डीएचसीपी-आयडेंटिफायर' या ओळीत 'मॅक' लिहिलं की रिझर्व्हेशन लागू होतं.

याच मशीन-आयडीचा दुसरा प्रताप व्हर्च्युअल मशीनमध्ये दिसतो. हायपर-व्हीवर एक उबुंटू तयार करून त्याची कॉपी काढली तर दोन्ही मशीनचा मशीन-आयडी एकच राहतो. मॅक वेगळा असला तरी डीयूआयडी सारखा, म्हणून डीएचसीपी दोघांना एकच आयपी देतो आणि दोघं एकमेकांना आळीपाळीने बाद करत राहतात. ईटीसीमधली मशीन-आयडीची फाइल कॉपीवर रिकामी करून रीबूट केलं की नवा आयडी तयार होतो. तुमचा सर्व्हर अशी कॉपी आहे का, हे एकदा विचारा.

तरीही माझं मत विचाराल तर वजनकाट्याच्या सर्व्हरला डीएचसीपीवर ठेवूच नका, स्टॅटिक पत्ता द्या. लाईट आल्यावर डीएचसीपी देणारा डोमेन कंट्रोलर उशिरा उठणार हे माहीत असताना काट्याचं मशीन त्याच्यावर का अवलंबून ठेवायचं? फक्त तो पत्ता डीएचसीपीच्या स्कोपमधून वगळायला सांगा. हे न सांगता परस्पर पत्ता लिहून टाकला तर सर्व्हर बंद असताना तोच पत्ता हिशेबनीसाच्या पीसीला मिळू शकतो. विंडोज डीएचसीपी पत्ता देण्याआधी तो कुणाकडे आहे का हे तपासू शकतो, पण तपासणीचा तो आकडा मुळात शून्य असतो, म्हणजे तपासणी बंदच असते. एकाच पत्त्यावर दोन मशीन आली की विंडोज निदान तक्रार करतं, लिनक्स गप्प राहतो. कधी एसएसएच लागतो, कधी मध्येच तुटतो, असं होत असेल तर 'आर्पिंग'ला कॅपिटल डी देऊन तो पत्ता दुसऱ्या कुणाकडे आहे का ते बघा.

पत्ता पक्का झाला की विंडोज डीएनएसमध्ये सर्व्हरचा ए रेकॉर्ड (नाव आणि पत्त्याची नोंद) हाताने करून घ्या. डोमेनचा झोन (डीएनएसमधली नावांची वही) बहुतेक वेळा फक्त सुरक्षित नोंदी घेतो, आणि डोमेनला न जोडलेला लिनक्स अशी नोंद करू शकत नाही. म्हणून जुना, चुकीच्या पत्त्याचा रेकॉर्ड तसाच पडून राहतो आणि काट्यावरचा पीसी रिकाम्या पत्त्यावर धडका मारत बसतो. हाताने केलेल्या रेकॉर्डला टाइमस्टॅम्प नसतो, त्यामुळे स्कॅव्हेंजिंग (जुन्या नोंदी आपोआप पुसणं) चालू असलं तरी तो उडत नाही. आपोआप झालेली नोंद मात्र नूतनीकरण न झाल्यास ७ अधिक ७ दिवसांच्या ठरलेल्या मुदतीनंतर पुसली जाण्याच्या यादीत येते. 'दोन-तीन आठवडे चाललं आणि अचानक नाव गायब' अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो.

घड्याळाचा एरर हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात बोलका भाग आहे. कर्बेरॉसला दोन मशीनच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, ही डोमेनची मूळ मर्यादा आहे. सगळे म्हणतात लिनक्सची वेळ चुकली. पण उबुंटू वेळ इंटरनेटवरून घेतो, आणि तुमच्याकडे इंटरनेट चालू आहे. म्हणजे लिनक्सची वेळ बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. डोमेन कंट्रोलरला बाहेरचा टाइम सर्व्हर नेमून दिलेला नसेल तर तो स्वतःच्या मदरबोर्डवरच्या घड्याळावर चालतो. त्याची बॅटरी थकली असेल तर प्रत्येक वेळी लाईट गेल्यावर ते घड्याळ मागे पडतं. आणि बाकीचे सगळे पीसी वेळ त्याच्याकडूनच घेतात, म्हणून सगळे मिळून एकाच चुकीच्या वेळेवर चालतात आणि कुणाचंच कुणाशी भांडण होत नाही. त्यांच्यात एकटा लिनक्स बरोबर असतो, आणि नेमका त्यालाच आत घेतलं जात नाही.

मोबाइलमधली वेळ आणि ऑफिसातल्या पीसीची वेळ शेजारी धरून बघा. मग डोमेन कंट्रोलरवर 'डब्ल्यू३२टीएम'ने सोर्स विचारायला सांगा. 'लोकल सीएमओएस क्लॉक' असं उत्तर आलं तर तिथेच दुरुस्ती करायची. डोमेनमध्ये पीडीसी एम्युलेटरची (प्रमुख डोमेन कंट्रोलरची) भूमिका ज्याच्याकडे आहे त्याने बाहेरून वेळ घ्यायची, बाकी सगळ्यांनी त्याच्या साखळीतून. त्यानंतर लिनक्सलाही डोमेन कंट्रोलरकडूनच वेळ घ्यायला लावा. इथे एक अडचण हमखास येते: विंडोजचा टाइम सर्व्हर स्वतःची अनिश्चितता बरीच मोठी सांगतो, आणि लिनक्स त्याला अविश्वासू ठरवून नाकारतो. लिनक्सवर वेळ जुळवायला क्रोनी वापरत असाल तर 'मॅक्सडिस्टन्स' १६ करा, कारण मुळात तो ३ सेकंद असतो. टाइमसिंकडी असेल तर 'रूटडिस्टन्समॅक्ससेक' वाढवा, तिथे मूळ मर्यादा ५ सेकंदांची आहे. पण आधी डोमेन कंट्रोलरची वेळ दुरुस्त, मग लिनक्स त्याच्यामागे. क्रम उलटा केला तर काट्याच्या पावत्यांवर चुकीची वेळ छापली जाईल, आणि ते शेतकऱ्याच्या हातात पडणारं कागदपत्र आहे.

शेअर माउंट न होण्याचं अर्धं कारण डीएनएस, हे वर आलंच. उरलेलं अर्धं असं की एफएसटॅबमधलं (काय कुठे माउंट करायचं त्या फाइलमधलं) माउंट बूट होताना एकदाच प्रयत्न करतं. तेव्हा फाइल सर्व्हर उठलेला नसेल तर ते अपयशी होतं आणि पुन्हा कुणी प्रयत्न करत नाही. त्या ओळीत 'नोफेल', 'अंडरस्कोर नेटडेव्ह' आणि 'एक्स-सिस्टमडी डॉट ऑटोमाउंट' हे पर्याय घाला. मग शेअर बूटच्या वेळी नाही, तर पहिल्यांदा कुणी ते फोल्डर उघडेल तेव्हा चढतो, आणि एकदा हुकला तर पुढच्या वेळी परत प्रयत्न होतो. माउंटच्या एररमधला आकडा वाचायची सवय लावा. १३ म्हणजे पोहोचलो पण परवानगी नाही. २ म्हणजे शेअरचं नाव चुकलं. ११३ म्हणजे वाटच नाही. ११२ म्हणजे 'होस्ट इज डाउन', पण मशीन समोर चालू असताना हा आला तर एसएमबीच्या (फाइल शेअरिंगच्या भाषेच्या) आवृत्तीचं जमत नाही असं समजा. लिनक्सने कर्नल ४.१३ पासून, म्हणजे २०१७ पासून, एसएमबी १ आपणहून वापरणं सोडलं आहे. सर्व्हर २०१९ शी त्याचं उत्तम जमतं, पण तुमचा फाइल सर्व्हर म्हणजे एखादा जुना एनएएस डबा (नेटवर्कवर लावलेली साठवणीची पेटी) असेल तर तिथे अडेल. अशा डब्यासाठी एसएमबी १ परत चालू करू नका. डबा बदला.

डोमेनला जोडण्याआधी सर्व्हरचं नाव १५ अक्षरांच्या आत आणा, नेटबायोसची ती मर्यादा आहे. मग 'रेल्म डिस्कव्हर' चालवून बघा. डीएनएस आणि वेळ ठीक असतील तर डोमेन लगेच सापडेल आणि जोडणी सुरळीत होईल. नसतील तर पासवर्ड बदलत बसून काही मिळणार नाही.

अजून दोन गोष्टी, तुम्ही विचारल्या नसल्या तरी. सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर तो आतल्या पुलासाठी (त्या कप्प्यांना जोडणाऱ्या आतल्या नेटवर्कसाठी) १७२.१७ ने सुरू होणारे पत्ते घेतो. मुख्य कार्यालयाचं नेटवर्कही त्याच पत्त्यांवर असेल तर तिथून आलेल्या पाकिटाचं उत्तर लिनक्स बाहेर पाठवतच नाही, डॉकरच्या पुलाकडे वळवतो. जिनिंगमधले पीसी चालतात आणि फक्त मुख्य कार्यालयातून सर्व्हर दिसत नाही, असं झालं तर आधी हे तपासा. दुसरं व्हीपीएनचं: मुख्य कार्यालयातून एसएसएच लागतो, पासवर्ड घेतो आणि मोठी यादी मागितली की अडकतो, असं असेल तर पाकिटाचा आकार व्हीपीएनमध्ये मावत नाही. पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १४७२ पासून आकार कमी करत जा. ज्या आकाराला उत्तर येईल त्यात २८ मिळवले की तुमचा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, मिळतो.

मुख्य कार्यालयाशी वाद घालू नका, मागण्या लिहून पाठवा. त्यांच्यावर दहा साइटची जबाबदारी असते, 'नेटवर्क चालत नाही' एवढ्यावर ते काही करू शकत नाहीत. ईमेलमध्ये नेमकं लिहा: अमुक पत्ता स्कोपमधून वगळावा, अमुक नावाचा ए रेकॉर्ड करावा आणि रिव्हर्स झोनमध्येही (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या वहीत) नोंद घ्यावी, ००६ पर्यायातून बाहेरचा डीएनएस काढून फॉरवर्डरमध्ये टाकावा, डोमेन कंट्रोलरचा वेळेचा सोर्स तपासावा. सोबत रिझॉल्व्हसीटीएल आणि डिगचं आउटपुट जोडा. तरीही 'आमच्याकडून सगळं ठीक आहे' असं उत्तर आलं तर ५३ पोर्टवर 'टीसीपीडम्प' लावून दोन मिनिटांची फाइल घ्या. प्रश्न कुणाला गेला आणि उत्तर कुणाकडून आलं हे त्यात वेळेसकट दिसतं, आणि ते वायरशार्कमध्ये त्यांनाही उघडता येतं.

सगळे बदल झाले की हंगाम सुरू होण्याआधी एका रविवारी मुद्दाम घोळ घालून बघा. दोन्ही मशीन नीट शटडाउन करा. आधी फक्त लिनक्स चालू करा, दहा मिनिटं डोमेन कंट्रोलर बंदच ठेवा. काट्याचं सॉफ्टवेअर त्या अवस्थेतही वजन घेऊन पावती छापतंय का ते बघा. नसेल तर त्यात फाइल सर्व्हरचं नाव कुठे अडकलं आहे ते शोधा. मग डोमेन कंट्रोलर चालू करा आणि लिनक्सला हात न लावता थांबा. फाइल सर्व्हरचं नाव आपोआप सापडलं पाहिजे, फोल्डर उघडताच शेअर चढला पाहिजे, आणि करंट डीएनएस सर्व्हरच्या ओळीत तुमच्याच दोनपैकी एका डोमेन कंट्रोलरचा पत्ता दिसला पाहिजे. यातलं जे अडेल त्याचं आउटपुट पाठवा, तिथून पुढे बघू.